पूर्ण ऑनलाइन कोर्स पहिल्यांदा शिकवताना: मोबाइल उघडल्यावर मुलांना काय दिसतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी समजले तो असा. बडोद्यातल्या एका कॉलेजात तुम्ही नुकत्याच रुजू झालात. जूनपासून बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्राचा ४ क्रेडिटचा पेपर पूर्णपणे ऑनलाइन शिकवायचा आहे. मुलं ८०, आठवडे १५. कॅमेरा कोणता घ्यावा, कोर्स ठेवायला कॉलेजच्या साइटवर चालणारं मूडल बरं की गूगल क्लासरूम, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मुलं गळायला लागतात ती कशी थांबवायची, असं तुम्ही विचारलंत. मी याच शहरात २१ वर्षं कॉमर्सच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते आहे. कोविडपासून त्यातले दोन पेपर ऑनलाइन आहेत. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिले दोन प्रश्न थोड्या पैशाने आणि ऑफिसच्या एका होकाराने सुटतील. तिसरा तसा सुटत नाही, म्हणून सुरुवात तिथून करते. वर्गात एखादं मूल गोंधळलं तर ते शेजारच्याच्या वहीत डोकावतं, फळ्याकडे बघतं, तास संपल्यावर आपल्याला दारात गाठतं. ऑनलाइन कोर्स मात्र ते रात्री दहा वाजता, जेवणं आटोपल्यावर, घरच्यांच्या गलक्यात एकटं बसून उघडतं. त्या वेळी त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: आपण कुठवर आलो, आज काय करायचं आहे, आणि अडलं तर विचारायचं कुणाला. मिनिटभरात हे कळलं नाही की मोबाइल बाजूला पडतो. दुसऱ्या दिवशी काम साचलेलं असतं, आठवड्याने ते बघायचीही लाज वाटू लागते. विषय अवघड म्हणून जितकी मुलं गळतात त्याहून जास्त या लाजेपायी गळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

मला हे शिकवलं बडोद्याजवळच्या डभोईहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने. दुसऱ्या वर्षीचा माझा ऑनलाइन कोर्स सुरू होता आणि ती काही फॉर्म भरायला कॉलेजात आली होती. मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, या आठवड्याचं गृहपाठाचं पान काढून दाखव, मी नुसती बघते. तिच्या हातात आईचा मोबाइल होता, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. तिने ‘युनिट २’ उघडलं. खाली चौदा फायली. नावं मीच दिलेली: ‘युनिट २ नोट्स नवीन’, ‘युनिट २ फायनल’, ‘युनिट २ फायनल सुधारित’. ती बोटाने खाली गेली, परत वर आली, एक पीडीएफ उघडली, ती उतरायची वाट पाहिली, बंद केली, दुसरी उघडली. चार मिनिटांनी तिने काही न बोलता व्हॉट्सअ‍ॅप काढलं आणि मैत्रिणीला लिहिलं, ‘क्यां क्लिक करवानुं छे?’ (कुठे क्लिक करायचं?) गृहपाठ तेराव्या फायलीत शेवटच्या पानावर होता. सगळं साहित्य जागच्या जागी आहे अशी माझी तोवर पक्की समजूत होती. ते होतंच, पण माझ्या डोक्यातल्या जागी. तिला ती जागा ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं.

पुढे लिहिते त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. प्रश्नपत्रिका तुम्ही काढणार की विद्यापीठ, यावर गृहपाठाचं स्वरूप ठरेल. ८० मुलांना प्रत्येकी उत्तर देता येतं, २५० असती तर मी दुसरं काही सुचवलं असतं. मुलं शहरातली आहेत की आसपासच्या पादरा, सावली, करजणकडची, मोबाइल स्वतःचा आहे की घरात तिघांत एक, किती जण मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जातात, हे पहिल्याच आठवड्यात साध्या फॉर्मवर विचारून घ्या. मी दर वर्षी विचारते आणि दर वर्षी माझा अंदाज कुठे ना कुठे चुकलेला निघतो.

आता आखणी. आपण सहसा पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडून तिथून पुढे निघतो. त्याऐवजी पंधराव्या आठवड्यात उभ्या राहा आणि मागे बघा. हा पेपर झालेलं मूल काय करू शकेल? ‘मागणीची संकल्पना समजेल’ हे उत्तर माझ्या उपयोगाचं नाही, कारण समजलं की नाही हे मला दिसत नाही. ‘भाव वाढवल्यावर दुकानदाराचा एकूण गल्ला वाढेल की घटेल हे आकडे मांडून सांगेल’ हे दिसतं, तपासता येतं. अशी सात-आठ वाक्यं लिहा. मग प्रत्येकासाठी एक काम ठरवा, आणि त्या कामाला जेवढं लागतं तेवढंच वाचायला आणि बघायला द्या. व्हिडिओ सगळ्यात शेवटी येतात. उलटं केलं तर चाळीस व्हिडिओ तयार होतात आणि गृहपाठ त्यांच्या मागे फरफटत येतो. मी एक संपूर्ण उन्हाळा तसा घालवला आहे. त्यातले निम्मे व्हिडिओ पुढे वापरले गेलेच नाहीत.

वेळेचा हिशोब याच टप्प्यावर करा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. तुमचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ८. या आठात वाचन, व्हिडिओ, गणितं, चर्चा, परीक्षेची तयारी सगळं आलं. ऑनलाइन शिकवताना, मुलं समोर दिसत नाहीत म्हणून आपल्या हातून जास्त काम दिलं जातं. वर्गात तास वाजतो आणि आपण थांबतो, इथे थांबवणारं कोणी नसतं. मी प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहिते. सुरुवातीला ती चुकतात, मग मुलांनाच विचारते, ‘किती वेळ लागला?’ पहिल्या वर्षी मी जिथे वीस मिनिटं लिहिली होती तिथे बहुतेकांना पन्नास लागली होती.

दर आठवड्याचं पान अगदी एकाच साच्यातलं ठेवा. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या. स्वयंपाकघरात मिठाची बरणी रोज वेगळ्या फळीवर ठेवली तर स्वयंपाक सुधारत नाही. माझं एक पान असं दिसतं, तुमच्या विषयात बदलून लिहिते:

‘आठवडा ५: मागणीची लवचिकता. भाव वाढला की खप किती घटतो, ते या आठवड्यात आकड्यात मांडायला शिकू. आधी हे वाचा: चार पानं, ४० मिनिटं. मग हे बघा: दोन व्हिडिओ, ५ आणि ६ मिनिटं. मग हे सोडवा: पाच छोटे प्रश्न, हवं तितक्या वेळा. मग हे करा: आपल्या भागातल्या एका विक्रेत्याचा हिशोब, मंगळवारी रात्री ९ पर्यंत. अडलं तर: खाली शंका-पेटी आहे, मी रोज संध्याकाळी ६ ला उघडते.’

एवढंच. पाचव्या आठवड्यात जे क्रमाने आहे तेच बाराव्यातही त्याच क्रमाने. फायलीचं नाव उघडल्याशिवाय कळेल असं ठेवा, ‘आठवडा ५ वाचन: लवचिकता म्हणजे काय’. जुन्या, सुधारित, फायनल अशा आवृत्त्या मुलांच्या नजरेआड करा. अवांतर वाचन द्यायचंच असेल तर सगळ्यात खाली, ‘आवड असेल तर’ या मथळ्याखाली. नाहीतर होतकरू मूल तेही सक्तीचं समजून दमतं.

बडोद्याच्या माणसाला हे पटवायला मी एक आठवण काढते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना इथे बोलावलं, त्यातून संस्थानाचं ग्रंथालय खातं उभं राहिलं, आणि पुढे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. फिरतं ग्रंथालय ते हेच. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलं की मला त्या पेट्या आठवतात. पेटी गावात उघडली जायची तेव्हा पाठवणारा माणूस तिथे नसायचा. आत काय आहे, कुणासाठी आहे, याचा विचार त्याला पेटी बंद करण्याआधीच करावा लागायचा. आपण ऑनलाइन कोर्स बांधतो तेव्हा अशीच पेटी भरत असतो. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकल मूर म्हणतात की शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं खरं अंतर मैलांचं नसतं, रचना आणि संवाद यांवर ते कमी-जास्त होतं. वर्गातल्या मागच्या बाकावरचं मूलही दूर असू शकतं, आणि सावली गावात बसलेली मुलगी जवळ.

पाच छोट्या प्रश्नांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मुलं सगळ्यात जास्त शिकतात ती इथे, आणि बहुतेक कोर्समध्ये हा भाग घाईत उरकलेला असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणून माझी चाचणी मार्कांसाठी नसते, आठवायला लावण्यासाठी असते. मार्क नाममात्र, प्रयत्न कितीही.

प्रश्न कसा बांधायचा ते एका उदाहरणाने दाखवते. सेव-उसळची प्लेट ५० रुपयांना होती तेव्हा गाडीवाल्याच्या दिवसाला २०० प्लेट जायच्या. भाव ६० केला, आता १७० जातात. लवचिकता किती? भाव २० टक्के वाढला, खप १५ टक्के घटला, १५ ला २० ने भागलं की उत्तर ०.७५. आता चुकीचे पर्याय कुठून आणायचे? मनाला येतील ते आकडे टाकू नका, मुलं ज्या चुका खरोखर करतात त्यांतून आणा. एक पर्याय ३: हा निवडणाऱ्याने ३० ला १० ने भागलं, टक्केवारी काढलीच नाही. दुसरा १.३३: याने भागाकार उलटा केला. तिसरा १५: हा खपाच्या टक्क्यावरच थांबला. मग प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली दोन ओळी लिहा. ३ च्या खाली मी लिहीन, ‘तीस प्लेट कमी झाल्या हे बरोबर धरलंस. पण २०० पैकी ३० आणि ५० रुपयांवर १० यांची तुलना करायची तर दोन्ही आधी टक्क्यांत आणायला हवेत. तेवढं करून पुन्हा बघ.’ रात्री अकरा वाजता चुकलेल्या मुलाला त्याची चूक नेमकी कुठे झाली हे लगेच कळतं, आणि तेव्हा मी झोपलेली असले तरी चालतं. पाच प्रश्न असे लिहायला मला दोन संध्याकाळी लागतात. पन्नास प्रश्नांच्या पेढीपेक्षा मी हे पाच घेईन. याच गणिताचा पुढचा भाग चर्चेला द्या: गाडीवाल्याचा रोजचा गल्ला १०,००० वरून १०,२०० झाला, मग त्याने भाव आणखी वाढवावा का?

इथवर क्रमाचं झालं: शेवटाकडून आखणी, तासांचा हिशोब, एकसारखं पान, चूक ओळखणारी चाचणी. पण नीट लावलेलं घरही परकं वाटू शकतं. आपलेपणा वेगळा आणावा लागतो, आणि तो पहिल्या दहा दिवसांत आला नाही तर नंतर फार कष्टाने येतो.

सुरू होण्याच्या तीन-चार दिवस आधी मुलांना एक छोटा निरोप पाठवा. तुम्ही कोण, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, पहिल्या दिवशी नेमकं कुठलं पान उघडायचं, आणि विषय नवा असला तरी काळजी नको. दोन मिनिटांचा व्हिडिओ चालेल, साधा आवाजही चालेल. भाषेची परवानगी त्यातच द्या. आपल्या वर्गात गुजराती, मराठी, हिंदी सगळ्या घरांतली मुलं असतात आणि पुस्तक इंग्रजी. मी स्पष्ट सांगते, शंका ज्या भाषेत मनात येते त्याच भाषेत लिहा, फक्त विषयाची संज्ञा इंग्रजी ठेवा म्हणजे परीक्षेत अडचण नको. ज्या वर्षी हे पहिल्यांदा लिहिलं, त्या वर्षी शंका-पेटीत पहिल्या आठवड्यात आलेल्या शंका त्याआधीच्या पूर्ण सत्राएवढ्या होत्या. मुलांना शंका आधीही होत्या. त्या इंग्रजीत मांडायचा धीर होत नव्हता.

ओळख करून घेताना ‘स्वतःबद्दल चार ओळी लिहा’ असं सांगू नका. ऐंशी जण एकच मजकूर थोडाफार फिरवून टाकतात आणि कोणी कोणाचं वाचत नाही. विषयाला धरून छोटा प्रश्न विचारा. तुमच्यासाठी माझ्या मनात हा येतो: ‘गेल्या महिन्यात कुठली वस्तू महाग वाटली म्हणून घेतली नाहीत, आणि त्याऐवजी काय केलंत?’ कोणी बूट लिहील, कोणी कैऱ्या, कोणी क्लासची फी. पाचव्या आठवड्यात लवचिकता शिकवताना याच उत्तरांतून उदाहरणं उचला, नाव घेऊन: ‘अमुकने कैऱ्यांचं लिहिलं होतं, आठवतं?’ आपलं लिहिलेलं वाचलं गेलं, हे त्या मुलाला इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कशाने कळणार नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक ओळ उत्तर द्याच. ऐंशी ओळी म्हणजे दीड-दोन तास. पूर्ण सत्रात मी याहून मोलाचे दोन तास खर्च करत नाही. त्यानंतर आठ-दहा जणांचे गट करा म्हणजे चर्चा वाचण्याजोगी राहते, आणि तुम्ही दर आठवड्याला दोन गटांत जाऊन बसा.

नियमांची भाषा पुन्हा वाचून बघा. कॉलेजकडून मिळालेला मसुदा बहुधा असा असतो: ‘मुदतीनंतर आलेले काम कोणत्याही परिस्थितीत स्वीकारले जाणार नाही.’ मी तो असा केला: ‘काम मंगळवारी रात्री ९ पर्यंत द्या. सत्रात दोनदा, कारण न सांगता, तुम्ही तीन दिवस जास्त घेऊ शकता, फक्त आधी एक ओळ कळवा. त्याहून मोठी अडचण आली तर मला फोन करा, आपण मार्ग काढू.’ शिस्त तेवढीच आहे. मुलाला फक्त दार कुठे आहे ते दिसतं. कारण न विचारण्यामागे माझं म्हणणं एवढंच की घरातलं आजारपण किंवा पैशाची ओढाताण अठरा वर्षांच्या मुलाला शिक्षकासमोर मांडायला लावणं बरं नव्हे.

मुदत रात्री १२ ची ठेवू नका. सगळी मुलं साडेअकराला अपलोड करायला बसतात, साइट अडखळते आणि उत्तर द्यायला कोणी जागं नसतं. रात्री ९, तेही रविवार सोडून, म्हणजे संध्याकाळच्या शंका त्याच संध्याकाळी मिटतात. आणि सगळ्या तारखा लावण्याआधी पंचांग शेजारी घ्या. तुमच्या सत्रात गणपती आहेत, नवरात्र आहे. बडोद्यात गरब्याच्या नऊ रात्री मुलं पहाटे झोपतात, त्या आठवड्यात मोठं काम लावणं म्हणजे आपणच गळतीला निमंत्रण देणं. मी त्या आठवड्यात नवा धडा देत नाही, मागचं भरून काढायला ठेवते. दुसऱ्या सत्रात हेच उत्तरायणाच्या दोन दिवसांना लागू. सगळ्या तारखा एकाच पानावर, पहिल्याच दिवशी द्या, आणि जाहीर केलेली तारीख पुढे ढकलली तरी अलीकडे कधीच आणू नका.

पहिल्या आठवड्यात बिनमार्कांची रंगीत तालीम घ्या: वहीचं कुठलंही एक पान फोटो काढून अपलोड करायचं. हे कशासाठी, तर माझ्या एका वर्गात एक मुलगा होता, चौथ्या आठवड्यापर्यंत एकही काम आलं नव्हतं. नोंदी बघितल्या तर तो रोज पहाटे साडेपाचला येत होता, फायली उघडत होता, पाच-सहा मिनिटांत निघून जात होता. मनात आलं, नुसता हजेरीला येतो. तरी फोन केला. तो मकरपुऱ्यात रात्रपाळी करून घरी आल्यावर बसायचा. गृहपाठ सगळे वहीत पूर्ण होते. फोटो ४ एमबीचा आणि आमच्या साइटवर मर्यादा २ एमबीची. इंग्रजीत लाल ओळ यायची, ती वाचून त्याला वाटायचं आपलंच काही चुकतंय. साइट सांभाळणाऱ्याने पाच मिनिटांत ती मर्यादा वाढवून दिली. चार आठवडे तो मुलगा एका आकड्यापायी नापासांत जमा होता. तेव्हापासून दहाव्या दिवसापर्यंत ज्यांचं काहीच आलेलं नाही त्यांना मी स्वतः फोन करते. दर सत्राला दहा-बारा फोन होतात. ‘काम का दिलं नाहीस’ असं विचारत नाही, ‘कुठे अडलंय, मला दाखव’ म्हणते.

कामावरचा शेरा आठवड्याच्या आत मिळाला तरच उपयोगी पडतो, कारण पुढचं काम तोवर सुरू झालेलं असतं. ८० जणांना लांब शेरे शक्य नाहीत. कामाबरोबरच मार्क कशाचे किती ते तीन-चार ओळींत आधी द्या, आणि तपासताना एक गोष्ट जमली ती आणि एक पुढच्या वेळी करायची ती, एवढंच लिहा. ज्याचं काम फारच अडखळलं असेल त्याला मी मिनिटभराचा आवाज पाठवते. लिहिलेला शेरा कठोर वाटतो, तोच बोलला तर धीर देतो. सोमवारी सकाळी सगळ्यांना पाच ओळींचा निरोप जातो: गेल्या आठवड्यात वर्ग कुठे अडखळला, या आठवड्यात काय आहे. तो कधीही चुकवू नका. थेट तास घेणार असाल तर आठवड्यातून एक, चाळीस मिनिटं, ऐच्छिक, रेकॉर्ड केलेला, आणि त्यात व्याख्यान न देता अडलेली गणितं सोडवा.

सारखं व्हायला लागलेलं एक काम म्हणजे चॅटजीपीटीकडून गृहपाठ करून आणणं. मी पकडापकडीत वेळ घालवत नाही. काम असं देते की ज्यात मुलाला स्वतः जाऊन काही आणावं लागतं: खंडेराव मार्केटमध्ये किंवा आपल्या गावच्या बाजारात एकाच भाजीचा तीन दिवसांचा भाव, विक्रेत्याशी झालेलं बोलणं, त्यावर मांडलेला हिशोब, आणि त्यावर माझ्याशी दोन मिनिटं फोनवर बोलणं.

आता तुमचे पहिले दोन प्रश्न. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. आणि महागड्या स्टुडिओतल्यापेक्षा शिक्षकाने आपल्या टेबलाशी बसून बोललेले व्हिडिओ काही वेळा जास्त पाहिले जात होते. म्हणून नवा कॅमेरा घेऊ नका, हातातला मोबाइल पुरे. पैसे कॉलरला लावायच्या माइकवर घाला, कारण चित्र धूसर असलं तरी मूल बघतं, आवाज फुटला की बंद करतं. तासाभराचं व्याख्यान रेकॉर्ड करून त्याचे तुकडे पाडू नका. सहा मिनिटांत एकच गोष्ट सांगायची असं आधीच ठरवून बोला. प्रत्येक व्हिडिओसोबत लिहिलेला मजकूर द्या, ज्याला ऐकू कमी येतं त्याच्यासाठी आणि ज्याचा डेटा संपला आहे त्याच्यासाठीही. नोट्स स्कॅन केलेल्या पानांच्या नकोत, टाइप केलेल्या हव्यात. पानाचा फोटो अंध विद्यार्थ्याचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नीट वाचू शकत नाही आणि मोबाइलवर तो मोठा करकरून डोळे दुखतात.

मूडल की गूगल क्लासरूम, तर कॉलेजात मूडल चालवणारा माणूस असेल आणि त्याचा फोन लागत असेल तर मूडल घ्या. वर सांगितली तशी पर्यायागणिक शेरे देणारी चाचणी तिथे चांगली बांधता येते. तसा माणूस नसेल तर क्लासरूम, चाचणी गूगल फॉर्मवर. तिथेही शेरा लिहिता येतो, फक्त चूक-बरोबर एवढ्याच भेदाने, म्हणून सगळ्या चुकांचा खुलासा एकत्र लिहावा लागेल. दोन्हींपैकी एकच. निम्मं इथे, निम्मं व्हॉट्सअ‍ॅपवर असं झालं की डभोईची मुलगी पुन्हा मैत्रिणीला विचारणार. कोणी ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटचे चार विभाग डोळ्यांसमोर ठेवायला सांगेल: व्हिडिओ, वाचन, चर्चा, स्वयंचाचणी. काही राहिलं नाही ना हे पडताळायला ते चांगले आहेत, पण काय आधी आणि काय नंतर हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

सगळे पंधरा आठवडे जूनआधी तयार करायचा अट्टाहास धरू नका. तारखांचं पान, स्वागताचा निरोप आणि पहिले तीन आठवडे पक्के करा, बाकीच्यांचा सांगाडा. मे महिन्यात गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना बोलवा, त्यातला एक तरी गावाकडचा असू दे. त्यांच्या हातात त्यांचाच मोबाइल राहू दे, वायफाय बंद करा आणि म्हणा, या आठवड्याचं काम शोधून दाखवा. मग शेजारी बसून बघा, काहीही सांगू नका. बोट जिथे थबकेल ती जागा वहीत टिपा आणि ते घरी गेल्यावर दुरुस्त करायला बसा. पहिल्या आठवड्याचं पान तयार झालं की मला जरूर दाखवा, मी ते माझ्या मोबाइलवर उघडून बघेन आणि कुठे अडले ते कळवेन.